इस्त्रीमास्तरांना ग्रुपमधून मी काढले त्याबाबत

जबाब देणार: कामावर आणि गल्लीत सर्वजण मोठ्या बाई म्हणतात. वय ५९ वर्षे. काम नोकरी, धुलाई कारखान्यात मोजणी विभागाची प्रमुख. शिक्षण अकरावी, कॉन्व्हेंट शाळा. राहणार कारखान्यापासून चालत अकरा मिनिटांवर, चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसरा मजला. घरी एकटी.

मी आज सोमवारी संध्याकाळी सव्वासहा वाजता पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, हवालदारांनी विचारल्यावरून सांगते की, मी सदर कारखान्यात एकोणतीस वर्षे नोकरी करते. आमच्याकडे दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल आणि डॉक्टरांचे कोट येतात. ते धुऊन, वाळवून, इस्त्री करून परत जातात. आत येताना मोजायचे आणि बाहेर जाताना मोजायचे, एवढे माझे काम.

आज दुपारपासून जे घरी पोचलेले नाहीत ते इस्त्रीमास्तर आमच्या इस्त्री विभागाचे प्रमुख आहेत. वय ६० वर्षे, नोकरी तेहेतीस वर्षे, निवृत्तीला एक वर्ष बाकी. त्यांची पत्नी नऊ वर्षांपूर्वी वारली. घरी एक मुलगी आहे, ती औषधांच्या दुकानात काम करते. त्यांची नि माझी ओळख कामापुरती आहे. हवालदारांनी विचारले की कामापुरती म्हणजे किती. मी सांगितले, एकोणतीस वर्षे.

पुढची हकीकत समजण्यासाठी बोर्डाबद्दल सांगणे भाग आहे. कारखान्याच्या फाटकाच्या आत, डाव्या हाताच्या भिंतीवर लाकडी बोर्ड आहे. त्याला चव्वेचाळीस खिळे आहेत, सध्या एकतीस वापरात. धुलाई, वाळवण आणि इस्त्रीतल्या प्रत्येकाने आत आल्यावर आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिळ्याला लावायचा आणि जाताना काढून माझ्या टेबलावरच्या पत्र्याच्या खोक्यात टाकायचा. बोर्ड पूर्ण रिकामा झाल्याशिवाय वाळवण खोलीचे दार लावत नाहीत. हा नियम मी बावीस वर्षांपूर्वी सुरू केला. त्याआधी एकदा वाळवण खोलीत घड्या घालणारी मुलगी आत असताना बाहेरून दार लावले गेले होते आणि ती चाळीस मिनिटे आतल्या उष्णतेत होती. सगळ्यांना वाटले, ती घरी गेली. तिला काही झाले नाही, आता तिला दोन मुले आहेत आणि ती माझ्यापेक्षा मोठ्याने हसते. पण तेव्हापासून रोज दुपारी मी शेवटचा बिल्ला खोक्यात पडल्याचा आवाज ऐकते, मगच डबा उघडते.

चार महिन्यांपूर्वी आमच्या साहेबांनी सगळ्यांच्या फोनवर कामाच्या निरोपांचे ॲप घातले. त्यात धुलाई, वाळवण, इस्त्री, मोजणी आणि गाडीवाले असे वेगवेगळे ग्रुप आहेत आणि एक सगळ्यांचा मिळून आहे. कोणाची पाळी, कोणाची रजा, कोणता माल आधी, हे सगळे आता तिथेच येते. साहेबांनी सगळ्यांना अंगणात बोलावून, पालथ्या टोपलीवर उभे राहून सांगितले होते की, जो ॲपवर नाही तो कामावर नाही. साहेब वयाने लहान आहेत आणि टोपली डुगडुगत होती, पण वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहिले.

ग्रुपमध्ये माणसे घालणे आणि काढणे हे फक्त साहेबांना करता येत असे. आमचा एक गाडीवाला वर्षातून तीनदा नंबर बदलतो, घड्या घालणाऱ्या दोघींचे फोन त्यांच्या मुलांकडे असतात, आणि साहेबांना दिवसभर तेवढेच काम होऊन बसले होते. परवा शनिवारी सकाळी अकरा वाजता त्यांनी मला केबिनमध्ये बोलावले. ते म्हणाले की तीन दिवस बाहेरगावी जायचे आहे, तोवर आणि पुढेही सदस्यांचे व्यवस्थापन मी तुमच्याकडे सोपवतो. मी विचारले, म्हणजे नेमके काय. ते म्हणाले, ग्रुपमध्ये कोण असावे आणि कोण नसावे ते आता तुम्ही पाहायचे. मी विचारले, मला तुम्हाला काढता येईल का. ते नाही म्हणाले. मी विचारले, हा अधिकार मला आणखी कोणाला देता येईल का. तेही नाही म्हणाले. मी विचारले, लोकांचे आपापसातले निरोप मला दिसतील का. ते म्हणाले, नाही हो बाई, तुम्ही फक्त दार सांभाळायचं. ही तिन्ही उत्तरे मी वहीत तारखेसह लिहून घेतली आहेत. वही हजर करण्यास तयार आहे.

त्यानंतर साहेब जे बोलले ते जसेच्या तसे लिहावे अशी माझी विनंती आहे. ते म्हणाले, "घाबरू नका बाई, तुमच्या बोर्डासारखंच आहे ते."

मग त्यांनी आपल्या फोनवर काहीतरी दाबले आणि माझ्या फोनवर निरोप आला की तुम्हाला सदस्य व्यवस्थापनाचे अधिकार देण्यात आले आहेत. माझ्या नावापुढे एक छोटी किल्ली उमटली. मला सातवीत वर्गाची मॉनिटर केले होते, तेव्हा सिस्टरनी स्वतःच्या हाताने माझ्या फ्रॉकला बिल्ला लावला होता. त्या म्हणायच्या, हजेरी घाईने घ्यायची नाही, नाव पुकारल्यावर त्या मुलीचा आवाज ऐकायचा, मगच पुढच्या नावावर जायचे. हवालदार म्हणाले की याचा प्रकरणाशी संबंध नाही. मी म्हणाले, आहे, लिहा. त्यांनी लिहिले.

काल रविवार, सुट्टी. आज सोमवारी मी पहाटे पावणेसहाला कारखान्यात गेले. सहा वाजता पाळी सुरू झाली. धुलाई, वाळवण आणि इस्त्री दोन वाजता सुटतात. मोजणी आणि गाडीवाले पाचपर्यंत असतात. दोन वाजल्यापासून एकेक जण बिल्ला काढून खोक्यात टाकू लागला. एक बिल्ला पडला की मी फोनवर ते नाव शोधत होते आणि काढत होते. ॲप दर वेळी विचारत होते, नक्की काढायचे का. मला ते आवडले. माणसाला काढण्याआधी दोनदा विचारलेच पाहिजे.

हवालदारांनी विचारले की मुळात काढायचेच कशाला. मी सांगितले की साहेब म्हणाले होते, जो ॲपवर नाही तो कामावर नाही. तेव्हा जो कामावर नाही तो ॲपवर राहता कामा नये, हे उघड होते. शिवाय ते बोर्डासारखेच असल्याचे त्यांनीच सांगितले होते. सकाळी सहाला मी सगळ्यांना परत घालणार होते, त्यासाठी गजरही लावला होता. हवालदारांनी पेन खाली ठेवले, ते वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिले आणि म्हणाले, "बाई, तुमचं कुठेतरी चुकलंय हे मला कळतंय, पण बोट ठेवता येत नाहीये."

इस्त्रीमास्तर रोज सगळ्यात शेवटी निघतात. चौदा इस्त्र्यांवरून हाताचा पंजा फिरवून प्रत्येक गार झाली का ते पाहतात. गेल्या शुक्रवारी कारखान्यात इस्त्रीचे मोठे रुळाचे यंत्र आले. ते अजून खोक्यातच आहे, पण खोके येण्याजाण्याच्या वाटेत ठेवल्यामुळे त्याला वळसा घालूनच सगळ्यांना जावे लागते. खोक्यावर लिहिले आहे की तासाला चारशे चादरी. तेव्हापासून इस्त्री विभागात कुजबुज आहे. मास्तरांनी ते चार दिवसांत एकदाच वाचले आणि म्हणाले, "चांगलं आहे. कॉलर मात्र येत नाही त्याला." सगळे हसले. मीही हसले. ते हसले की नाही हे मी पाहिले नाही, याची मला आज दिवसभर रुखरुख आहे.

दुपारी दोन वाजून सतरा मिनिटांनी त्यांनी बिल्ला खोक्यात टाकला. रोजच्याप्रमाणे "येतो बाई" म्हणाले. मी "या" म्हणाले. त्यांची पाठ फाटकाबाहेर जाईपर्यंत मी थांबले आणि मग त्यांचे नाव काढले. ॲपने नक्की का म्हणून विचारले, मी होय दाबले. बोर्ड रिकामा, यादीतही दोनला सुटणारे कोणी नाही. एकतीसच्या एकतीस माणसे सुखरूप घरी. मला फार बरे वाटले, हे मी लपवत नाही. मग मी डबा उघडला.

मला तेव्हा माहीत नव्हते की काढलेल्या माणसाच्या फोनवर निरोप जातो. तो असा: प्रशासकाने तुम्हाला ग्रुपमधून काढले आहे, यापुढे तुम्ही येथील निरोप पाहू शकणार नाही. खाली कोणाचे नाव नसते.

तीन वाजून पाच मिनिटांनी पहिला फोन आला. साडेतीनला फाटकाशी नऊ बायका जमल्या. पुढे धुलाईच्या ताई होत्या. त्यांच्या हाताला अजून घरच्या भांड्यांचा साबण होता. त्या म्हणाल्या की एकोणीस वर्षांत एक टॉवेल फाटला नाही माझ्या हातून आणि मला फोनवरून हाकलता. त्यांच्या नवऱ्याने म्हणे जेवता जेवता ताट बाजूला सारले आणि नोकरीच्या जाहिराती पाहायला घेतल्या, स्वतःसाठी नव्हे, त्यांच्यासाठी. मी सगळी हकीकत सांगितली. मग ती चाळीस मिनिटे आत राहिलेली मुलगी हसायला लागली, आणि तिचे हसणे कसे असते ते मी वर सांगितले आहेच. मग सगळ्याच हसल्या. ताई मात्र हसता हसता म्हणाल्या, "मोठ्या बाई, बिल्ला आम्ही आमच्या हाताने काढतो. तुम्ही नाही काढत."

हे बरोबर आहे. बावीस वर्षांत मी कोणाचाही बिल्ला स्वतः काढलेला नाही. मी फक्त आवाज ऐकला आहे. त्यांनी सांगेपर्यंत ते माझ्या ध्यानात आले नव्हते. मी सगळ्यांची माफी मागितली आणि तिथेच टेबलाशी बसून एकतीस जणांना परत घातले. सत्तावीस मिनिटे लागली, कारण नऊ जणी खांद्यावरून वाकून सूचना देत होत्या. परत घातलेल्या माणसाने आपल्या फोनवर होकार दिला की त्याच्या नावापुढे आले असे उमटते. साडेचारपर्यंत तीस नावांपुढे उमटले. इस्त्रीमास्तरांच्या नावापुढे उमटले नाही.

मी त्यांना फोन केला. बंद होता. मी साधारण पाच-सहा वेळा प्रयत्न केला. हवालदारांनी माझा फोन पाहून अकरा वेळा असल्याचे सांगितले. अकरा लिहावे.

चार वाजून चाळीस मिनिटांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. ती मला मावशी म्हणते. तिने विचारले की बाबा अजून तिथेच आहेत का, रोज पावणेतीनला येतात, आज आले नाहीत. मी तिला सगळे खरे सांगितले. ती म्हणाली की रविवारी ते घरातले सगळे शर्ट काढून इस्त्री करत बसले होते, धुतलेले आणि न धुतलेलेसुद्धा. मी विचारले, काही म्हणाले का. ती म्हणाली, "म्हणाले, सवय मोडायला नको."

त्यानंतर मी आणि मुलगी मिळून त्यांना शोधले. वाचनालयाच्या वर्तमानपत्रांच्या खोलीत, बसथांब्यावर, इस्त्रीची कॉइल बदलून देणाऱ्याच्या दुकानात आणि त्यांच्या घराच्या गच्चीवर पाहिले. कॉइलवाल्याने सांगितले की आज आले नाहीत, पण आले की अर्धा तास बसतात आणि कारखान्यातल्या गोष्टी सांगतात. कोणत्या गोष्टी ते मी विचारले नाही. त्याने आपणहून सांगितले, ते प्रकरणाशी संबंधित नसल्याने देत नाही.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही या ठाण्यात आलो. मुलीने हरवल्याची खबर दिली. तिला सहा वाजता घरी पाठवण्यात आले, न जाणो ते तिकडे पोचले तर कोणीतरी असावे म्हणून. त्यांना शेवटचे मी पाहिले असल्यामुळे मला जबाबासाठी आतल्या खोलीत बसवण्यात आले.

हवालदारांनी वर्णन विचारले. ते असे. उंची मध्यम, किंचित उजवीकडे कलतात, कारण तेहेतीस वर्षे उजव्या हाताने वजन रेटले आहे. केस पांढरे, मागे वळवलेले, कानाशी थोडे जास्त. चष्मा वाचण्यापुरता, तो खिशात असतो आणि गरज लागली की डोक्यावर शोधतात. आज निळसर पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, वरचे बटण लावलेले. खिशात रुमाल, आठ पदरी घडी. बोलणे कमी, बोलताना समोरच्याच्या कॉलरकडे पाहण्याची सवय. डाव्या तळहातावर जुना भाजल्याचा डाग, साधारण इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचा. हवालदारांनी विचारले की डाग कशाचा. एक गरम इस्त्री टेबलावरून सरकून माझ्या हातावर पडत होती, ती त्यांनी मधल्यामध्ये धरली. सोळा वर्षे झाली. मार्च महिना होता, मंगळवार. हवालदार म्हणाले की एवढे वर्णन सहसा घरचेही देत नाहीत. मी म्हणाले, माझे काम मोजणीचे आहे, लक्षात राहते.

हवालदारांनी हे वर्णन बिनतारीवर सांगण्यासाठी दारातल्या शिपाई मुलीला मोठ्याने वाचून दाखवले. ती कॉलरपर्यंत ऐकून म्हणाली, "साहेब, असे एक काका पाऊण तास बाहेर बाकावर बसलेत. त्यांना तक्रार द्यायची आहे. तुम्हीच म्हणालात ना, आतल्या बाईंचं झालं की पाठव."

या ठिकाणी जबाब पाच मिनिटे थांबला. त्या पाच मिनिटांत काय झाले ते लिहू नये अशी मी विनंती केली. हवालदारांनी ती मान्य केली आणि मला पाणी दिले.

जबाब पुढे चालू. सात वाजून आठ मिनिटांनी इस्त्रीमास्तर आत आले. मला पाहून ते दारातच थांबले आणि हवालदारांना म्हणाले, "यांनाही काढलं का?" हवालदारांनी त्यांना आधी बसायला सांगितले.

त्यांनी जे सांगितले ते थोडक्यात असे. बसथांब्यावर त्यांच्या फोनवर तो निरोप आला. त्यांनी चष्मा आधी डोक्यावर शोधला, मग खिशातून काढून निरोप तीनदा वाचला. मुलीचा फोन आला तर खोटे बोलता येणार नाही आणि खरे सांगवणार नाही, म्हणून फोन बंद केला. आधी त्यांना वाटले, यंत्र आले म्हणून आपण गेलो. दोन बस सोडल्यावर वाटले, तसे नाही. साहेबांना काढायचे असते तर त्यांनी केबिनमध्ये बोलावले असते, चहा दिला असता, दोन शब्द बोलले असते. साहेब बाहेरगावी आहेत, तेव्हा कोणीतरी भामटा त्यांच्या नावावर आत शिरून माणसे काढत आहे. मग ते टाइप करून देणाऱ्याच्या दुकानात गेले आणि अर्ज तयार करवला. पहिल्या प्रतीत समास वाकडा होता, दुसरीला घडी पडली, म्हणून तिसरी करून घेतली. यात साडेतीन तास गेले. नंतर चालत इथे आले.

तो अर्ज हवालदारांनी त्यांच्या परवानगीने वाचला. पहिल्या परिच्छेदात त्यांची माहिती आणि निरोपाची वेळ आहे. दुसऱ्यात अज्ञात इसमाचा शोध घ्यावा अशी विनंती आहे. तिसरा परिच्छेद मी शब्दशः देते, कारण तो अर्जाचा भाग आहे आणि मी तो मनाने घातलेला नाही:

"अर्जदाराचे एक वर्ष राहिले आहे, त्याची काळजी नाही. परंतु सदर इसम असाच काढत गेला तर मोजणी विभागातील मोठ्या बाईंपर्यंत पोचेल. त्यांनी बावीस वर्षांत एकही माणूस आत विसरलेला नाही. त्यांच्या फोनवर असा निरोप जाऊ नये याची कृपया आजच्या आज व्यवस्था व्हावी."

हवालदारांनी अर्ज टेबलावर ठेवला, त्यावर काचेचे वजन ठेवले आणि मास्तरांना सांगितले की तुमचा अज्ञात इसम सापडला आहे आणि तुमच्या उजव्या हाताला बसला आहे.

मग मी त्यांना सगळे सांगितले. साहेबांनी अधिकार सोपवले तिथपासून, तीन प्रश्न, बोर्डाचे वाक्य, नऊ बायका, सगळे. ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होते. माझे झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"मी फाटकाबाहेर गेल्यावर काढलंत, की आधी?"

मी म्हणाले, गेल्यावर. पाठ दिसेनाशी झाल्यावर.

ते म्हणाले, "मग ठीक आहे." आणि आज पहिल्यांदाच माझ्या कॉलरकडे न बघता बोलले.

सात वाजून वीस मिनिटांनी हवालदारांसमोर मी साहेबांना फोन लावला आणि माझे अधिकार परत घ्यावेत अशी विनंती केली. साहेब आधी हसले. मग मास्तर पाच तास बेपत्ता होते हे कळल्यावर हसायचे थांबले. ते म्हणाले की चूक त्यांची आहे, त्यांनी घाईत सांगितले. अधिकार माझ्याकडेच राहतील. मी घालण्याचे काम करायचे. काढायचे ते फक्त माणूस खरोखर नोकरी सोडून गेल्यावर, आणि तेही साहेबांनी त्याच्याशी समोरासमोर बोलल्यानंतर. यंत्राबद्दल मी विचारले नव्हते, त्यांनीच सांगितले. त्यावर फक्त चादरी जातील. कोट हातानेच होणार, आणि यंत्र कोणी कसे चालवायचे ते मास्तर ठरवतील. त्यांना हे शुक्रवारीच सांगायला हवे होते, असे साहेब दोनदा म्हणाले. मास्तर फोनजवळ तोंड नेऊन म्हणाले, "आधी ते खोकं वाटेतून हलवा."

त्यानंतर मास्तरांनी आपला फोन चालू केला. मी घातलेले निमंत्रण तिथे येऊन पडले होते. होकार कुठे द्यायचा ते त्यांना सापडेना, शिपाई मुलीने दाखवले. सात वाजून चौतीस मिनिटांनी माझ्या यादीत एकतिसाव्या नावापुढे आले असे उमटले. दुसऱ्याच मिनिटाला सगळ्यांच्या ग्रुपवर धुलाईच्या ताईंनी विचारले की मास्तर, कुठे होता, मोठ्या बाईंनी जेवणही धड केलं नाही. हे त्यांना कसे कळले ते मला माहीत नाही. डबा मी झाकून ठेवला होता.

मुलीला फोन लावला. ती वडिलांशी एक मिनिट चाळीस सेकंद बोलली. ते बोलणे जबाबात घेण्यासारखे नाही. मास्तर अधूनमधून "हो बाळा" म्हणत होते.

हवालदारांनी सांगितले की हरवल्याची नोंद बंद करायची तर मिळालेल्या माणसाला कोणीतरी ताब्यात घ्यावे लागते. मास्तर म्हणाले की मी साठ वर्षांचा आहे, आलो तसा जाईन. हवालदार म्हणाले की येताना तुम्ही तक्रारदार होता, आता तुम्ही मिळून आलेले आहात, असे सोडता येत नाही, सही लागते. मुलीला यायला पाऊण तास लागला असता. ती फोनवरून म्हणाली, "मावशी, तुम्हीच घ्या ना त्यांना."

हवालदारांनी मला विचारले की तुमची तयारी आहे का. मी आहे म्हणाले. त्यांनी मास्तरांना विचारले की तुमची काही हरकत. मास्तरांनी रुमाल काढला, पुसण्यासारखे काही नव्हते तरी कपाळ पुसले आणि सांगितले की नाही.

हा जबाब हवालदारांनी पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला. मास्तर शेजारच्या खुर्चीवर होते. त्यांना बाहेर बसवू का, असे हवालदारांनी मला विचारले होते. मी नको म्हणाले. वर्णनाचा परिच्छेद आला तेव्हा हवालदारांनी आवाज थोडा खाली आणला, तरी सगळे ऐकू येत होते. मी सांगितले तसेच उतरले आहे. कमी काही नाही. जास्त असेल तर ते राहू द्यावे.

नोंद बंद करण्याकरता लिहून देते की, इस्त्रीमास्तर, वय ६० वर्षे, हे मला आज संध्याकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी सुखरूप ताब्यात मिळाले. माझी काही तक्रार नाही.

सही, मोठ्या बाई

अर्ज मागे घेतो. माझीही नाही.

सही, इस्त्रीमास्तर